खार पडीक पडली नाही, पाडली गेली

गेल्या ज्येष्ठातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांसोबत त्यांच्या खारात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या भातशेतात, होतो. सुकती, म्हणजे ओहोटी, लागून खाडी दूर सरकली होती. मामा बांधावर पालथे पडून उघाडीच्या फळीमागे खांद्यापर्यंत हात घालून काहीतरी चाचपत होते. त्यांचं वय बहात्तर. बऱ्याच वेळानं हात बाहेर आला तेव्हा मुठीत दुधाच्या रिकाम्या पिशव्यांचा चिखलानं माखलेला बोळा होता आणि थर्माकोलचा एक तुकडा. तो बोळा फळी आणि चौकट यांच्यात अडकून बसला होता, त्यामुळे दोन बोटांची फट राहिली होती. रात्रीच्या उधाणात खाडी त्या फटीतून आत आली. आठ दिवसांपूर्वी टाकलेला अर्ध्या एकराचा रहू, म्हणजे मोड आलेल्या भाताची पेरणी, खाऱ्या पाण्यात बुडाला.

ज्यांनी खार पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. उघाडी म्हणजे बांधातली मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली फळी. भरती आली की पाण्याच्या दाबानं फळी चौकटीला घट्ट बसते आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटीला बाहेरचा दाब सरला की शेतात साठलेलं पावसाचं पाणी तीच फळी ढकलून खाडीत निघून जातं. याला ना वीज लागते, ना पंप. दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं ही फळी आपलं काम करते, अट एवढीच की तिच्या मध्ये काही अडकता कामा नये. मामा आपल्या आगरी बोलीत सांगतात, “पानी जावाला पायजे, येवाला नको. येवरा कलला म्हंजे खार कलली.”

हे गाव उरणच्या पूर्व भागातलं. मी राहतो नवी मुंबईतल्या घणसोलीत. माझ्या आजोबांची खार होती तिथे आज सेक्टर आहे, इमारती आहेत, आणि त्याबद्दल आता रडून काही होणार नाही. प्रश्न उरलेल्या जमिनीचा आहे. मामांच्या शेताला लागून साठेक एकर खार गेली कित्येक वर्षं पिकलेली नाही. सातबाऱ्यावर तिच्यापुढे ‘पड’ असं येतं, नकाशात ती मोकळी दिसते आणि बैठकांमध्ये तिला ‘पाणथळ, निरुपयोगी जमीन’ म्हणतात. माझं म्हणणं इतकंच आहे की ही जमीन स्वभावानं निरुपयोगी नाही. तिचा बांध फुटला, तो वेळेत बांधला गेला नाही, म्हणून ती पडली. आणि ज्या जमिनीचं पडीकपण बांधाच्या हेळसांडीतून आलं, त्या पडीकपणाचा दाखला पुढे करून तिच्यावर भराव टाकायचा, हा न्याय नव्हे.

खारीचं गणित समजून घेतलं की हेळसांड किती महागात पडते ते कळतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. भाताला इतकं मीठ सोसत नाही. साध्या जातींचं उत्पन्न तर मातीची क्षारता मीटरला ३ डेसीसायमनच्या पुढे गेली की उतरायलाच लागतं. तरीही खारीत भात होतं, कारण कोकणचा पाऊस. मृगापासून पडणारं पाणी खाचरात साठवायचं, मीठ त्यात विरघळू द्यायचं, सुकतीला उघाडीतून सोडून द्यायचं, पुन्हा साठवायचं. असे तीन-चार धुवे झाले की वरच्या थरातलं मीठ खाली आणि बाहेर जातं. मग मोड आलेलं बी चिखलात फेकून पेरायचं. याला आमच्याकडे रहू म्हणतात. दिवाळीच्या सुमारास कापणी झाली की जमीन मोकळी होते, ऊन तापतं आणि खाली गेलेलं मीठ मातीतल्या ओलीबरोबर पुन्हा वर चढतं. एप्रिलमध्ये खाचरावर पांढरी खपली दिसते. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून धुवायचं.

म्हणजे खारीत शेतकरी दरवर्षी जमीन नव्यानं मिळवतो. त्याच्या बाजूनं दोनच गोष्टी असतात, पाऊस आणि बांध. पाऊस अजून येतो. बांधाचं काय झालं ते पाहू.

मामांच्या लहानपणी मे महिन्यात घरटी एक माणूस बांधावर जायचा. खाडीचा चिकट चिखल कापून त्याच्या ढेपा हातोहात वर द्यायच्या, खचलेला माथा भरायचा, चिंबोऱ्यांची बिळं शोधून बुजवायची. बांधाचा खरा शत्रू समुद्रापेक्षाही चिंबोरी, असं मामा म्हणतात. ती आरपार बीळ पाडते, त्यातून आधी नुसता पाझर लागतो, मग धार, आणि एका उधाणाच्या रात्री तिथेच खांड, म्हणजे भगदाड, पडते. म्हणून पावसाळ्यात कुणीतरी रोज बांधावरून चालत जायचं आणि जिथे पाझर दिसेल तिथे पायानं चिखल दाबून पुढे जायचं. एवढ्या साध्या कामावर शेकडो एकर शेत उभं होतं.

या कामाची व्यवस्था पूर्वी पक्की होती. ठाणे-कुलाबा (आताचा रायगड) भागात शिलोत्री नावाची वहिवाट होती. ज्यानं बांध घातला त्यानं तो राखायचा आणि त्याबदल्यात पिकातला ठरलेला वाटा घ्यायचा. पुढे खोतांचं राज्य आलं. त्या राज्यात कुळाची काय दशा होती ते या किनाऱ्यावरच्या घराघराला माहीत आहे. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमिनी न कसता संप केला तो उगाच नव्हे. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली, कुळकायद्यानं जमीन कसणाऱ्याची झाली. ते व्हायलाच हवं होतं. पण खोत गेल्यावर बांध कोणी राखायचा, हा प्रश्न उरला. १९४८ चा खारजमिनींचा कायदा आणि नंतर १९७९ चा महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा, यांनी ती जबाबदारी शासनाच्या यंत्रणेकडे आणली. गावानं सुटकेचा श्वास टाकला. बांध आता सरकारचा, असं लोक म्हणू लागले आणि मे महिन्यातलं चिखलाचं काम हळूहळू थांबलं.

माझ्या मते खरी गफलत इथे झाली. मोठी बांधबंदिस्ती, दगडी अस्तर, सिमेंटची उघाडी ही कामं शासनानेच करायची, गावाच्या आवाक्यातली ती नाहीत. पण चिंबोरीचं बीळ बुजवायला निविदा काढता येत नाही. ते रोजचं काम आहे आणि रोजच्या कामाला तिथे राहणारा माणूस लागतो. जबाबदारी गावाकडून काढून घेतली गेली, ती कार्यालयात जाऊन फाईल झाली आणि बांधावर कुणीच उरलं नाही.

आता खांड पडल्यावर काय होतं ते बघा. उधाण अमावास्येला येतं आणि पौर्णिमेला येतं. म्हणजे खांड पडली की पुढचं मोठं पाणी पंधरा दिवसांवर असतं. आज चार हात रुंद असलेली खांड त्या उधाणाला दहा हात होते, त्यापुढच्या उधाणाला चाळीस. आत शिरणारं आणि बाहेर पडणारं पाणी दोन्ही वेळा कडा खाऊन जातं, तळाशी डोह पाडतं. पहिल्या आठवड्यात वीस माणसं आणि दोन ट्रॅक्टर माती यांत भागणारं काम तीन महिन्यांनी लाखांच्या घरात जातं, आणि मग खरोखरच अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांशिवाय ते होत नाही. खाडीचं वेळापत्रक पंधरा दिवसांचं आहे आणि कार्यालयाचं आर्थिक वर्षाचं. या दोन वेळापत्रकांच्या मध्ये जे सापडतं त्याला आपण पडीक जमीन म्हणतो.

मामांच्या शेजारची साठ एकर अशीच गेली. खांड पडली तेव्हा गावातली चार माणसं अर्ज घेऊन एका कार्यालयात गेली होती, त्यांत मीही होतो, कारण अर्ज मी लिहिला होता. आम्हाला आधी विचारलं गेलं की तुमची बंदिस्ती शासकीय योजनेतली की खाजगी. खाजगी असेल तर दुरुस्तीला पैसा नाही. ते शोधण्यात महिना गेला. नुकसानीच्या पंचनाम्याला आलेले कर्मचारी भले गृहस्थ होते, त्यांनी चिखलात उतरून सगळं पाहिलं. पण त्यांच्या कागदावर अतिवृष्टीचा रकाना होता, उधाणाचा नव्हता. त्या दिवशी आभाळ कोरडं होतं. पाऊस पडला नव्हता, त्यामुळे आमचं शेत बुडालं हे कागदावर सिद्ध झालं नाही.

खारं पाणी एकदा वर्षभर आत-बाहेर करू लागलं की नुसता बांध बांधून भागत नाही. मीठ खोलवर गेलेलं असतं, ते धुवून निघायला दोन-तीन पावसाळे जातात. आणि तोवर तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, येतात. भरतीबरोबर बी आत येतं, मऊ चिखलात रुजतं, चार वर्षांत माणसाच्या उंचीची झुडपं होतात. मग चित्र एकदम पालटतं. तिवरांना कायद्याचं कडक संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आहे, २०१८ चा निकाल आहे, भोवती ५० मीटरचा पट्टा आहे, आणि जमीन कुणाच्याही मालकीची असो, ती तोडता येत नाहीत.

इथे मला नीट बोललं पाहिजे, कारण या मुद्द्यावर आमच्याकडे सोयीस्कर बोलणारे पुष्कळ आहेत. तिवरं तोडावीत असं मला अजिबात वाटत नाही. बांधाच्या बाहेर दाट तिवरं असतील तर लाटेचा मार बांधावर येत नाही, हे खारातला प्रत्येक माणूस जाणतो. निवटी, चिंबोरी, कोलंबी यांचं पाळणाघर तिथेच आहे. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं, याचा मला अभिमान आहे. पण बांधाच्या आतलं तिवर ही वेगळी गोष्ट आहे. ते शेतकऱ्यानं लावलेलं नाही, त्याच्या संमतीनं आलेलं नाही. बांध राखला गेला नाही म्हणून ते आलं, आणि आल्यावर शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात फावडं मारायची चोरी झाली. बांध फुटल्याची भरपाई मिळाली नाही, जंगल राखल्याचा मोबदला मिळत नाही, शेत करता येत नाही. अशा शेतकऱ्याकडे रात्री डेब्रिजचा डंपर रिकामा करून जाणारा माणूस येतो आणि गाडीमागे रोख रक्कम हातावर ठेवतो. त्यानं नकार द्यावा ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करतो? तिवरं वाचवायची असतील तर आधी बांध वाचवावे लागतील. बांधाबाहेर जंगल, बांधाआत शेत, ही जुनी हद्द दोघांच्याही फायद्याची होती.

गावाची चूकही सांगून टाकतो. काहींनी मुद्दाम उघाड्या मोकळ्या सोडून खारं पाणी आत घेतलं, कोलंबीची तळी केली. तळं आपलं, पण खारं पाणी शेजाऱ्याच्या खाचरात पाझरलं. तंटे झाले, भाऊबंदकीत बोलणं बंद झालं. जमिनीचे भाव चढल्यावर मुंबईला राहणाऱ्या वाटेकऱ्यांना शेत पिकण्यापेक्षा विकलं जाणं महत्त्वाचं वाटू लागलं. बांध सामायिक असतो. दहातल्या तिघांनी हात काढून घेतला तर उरलेल्या सातांनी तो राखता येत नाही.

शिवाय भोवतीचे भराव. रस्ता असो, रेल्वे असो, गोदामांचं आवार असो, सगळं उंच होत गेलं आणि मध्ये खार बशीसारखी खाली राहिली. पूर्वी डोंगरावरून उतरणारं पाणी चार वाटांनी खाडीला जायचं. आता ते रस्त्याखालच्या एका मोरीतून येतं आणि मोरीचा तळ कित्येकदा शेताच्या पातळीच्या वर असतो. अशा मोरीतून पाणी शेतात येतं, पण शेतातलं परत जात नाही. मापं घेणाऱ्याने एक दिवस सुकतीला आणि एक दिवस भरतीला तिथे उभं राहायचं, एवढीच ही चूक टाळायची किंमत होती.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. कशाला हा खटाटोप? खारीतल्या भाताचं असं काय मोल आहे? मामांना चांगल्या वर्षी एकरी बारा-तेरा क्विंटल भात होतं. अटल सेतू उघडल्यापासून चिरनेर-जासई पट्ट्यात जमिनीचे जे आकडे कानावर येतात, त्यांच्यापुढे ही रक्कम मोजायलाही कुणी थांबणार नाही. तरुण पोरं शेतात उतरत नाहीत. शहर वाढणार आहे, त्याला जागा हवी आहे. नवी मुंबई तरी कशावर उभी राहिली?

नवी मुंबई खारीवरच उभी राहिली, म्हणून तर हे बोलायचं. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मे झाले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचं, म्हणजे संपादित जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचे विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व आलं. खारघर, खारकोपर, खाडीपलीकडचं खारेगाव, नावांतून खार अजून हाक मारते. आणि हे शहर वसवताना अभियंत्यांना त्या जमिनीचा स्वभाव पुरता ठाऊक होता. म्हणूनच नवी मुंबईत डच धर्तीवर धारण तलाव केले गेले. भरतीच्या वेळी पाऊस पडला तर शहराचं पाणी या तलावांत थांबावं, आणि ओहोटीला ते झडपांच्या दरवाज्यांतून खाडीत जावं. हे वाचताना मामांची उघाडी आठवली ना? तत्त्व तेच आहे. ज्या विद्येवर माझ्या आजोबांनी भात पिकवलं त्याच विद्येवर वाशी आणि बेलापूर पावसाळ्यात कोरडी राहतात.

आणि त्या तलावांचं काय झालं? गाळ साचला, गाळावर तिवरं आली, मग गाळ काढायला परवानग्यांचा प्रश्न आला. शहराला जो अनुभव आज येतो आहे तो खारीतल्या शेतकऱ्याला आधीच आला होता. वेळेवर निगा राखली नाही की पाण्याची जागा कमी होते, आणि मग कायदा आडवा येतो असं वाटायला लागतं.

भाताच्या क्विंटलांबरोबर पाण्याचे लिटरही मोजले पाहिजेत, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तर ते बारा लाख लिटर होतं. दहा हजार लिटरचे एकशे वीस टँकर. बांध शाबूत असलेलं खाचर भरतीच्या सहा तासांत एवढं पाणी निमूटपणे अंगावर घेतं आणि सुकतीला सोडून देतं. मामांच्या शेजारची साठ एकर नीट असती तर सात कोटी लिटरांहून अधिक पाणी तिथे थांबलं असतं. त्याच साठ एकरांवर भराव टाकला तर ते पाणी नाहीसं होणार नाही, ते जवळच्या सखल गावठाणात शिरेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा दिवस परत येणार नाही असं कुणीही सांगू शकत नाही. त्या दिवशी खार हवी होती असं म्हणून उपयोग नसेल. शहर धारण तलावासाठी कोट्यवधी खर्च करतं, आणि शेतकरी जो तलाव वर्षातले चार महिने फुकट चालवतो त्याला पडीक म्हणून मोकळं होतं.

बरं, पिकाचंही इतकं हताश होण्यासारखं नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं खारजमीन संशोधन केंद्र आपल्या पनवेललाच आहे. काळा राता आणि भुरा राता या जुन्या खाऱ्या भाताच्या वाणांवर तिथे काम झालं, पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या क्षार सोसणाऱ्या जाती आल्या. राताचा तांदूळ लाल असतो, जाड असतो, त्याची पेज आणि भाकरी ज्यानं खाल्ली त्याला पॉलिशचा तांदूळ पोटभर वाटत नाही. आज शहरात लाल तांदळाला गिऱ्हाईक आहे आणि ते गिऱ्हाईक सीवूड्सला, खारघरला, ठाण्याच्या घोडबंदरला राहतं, शेतापासून तासाच्या अंतरावर. याहून जवळची बाजारपेठ कोणत्या शेतकऱ्याला मिळते?

भातासोबत मासा. खारातल्या कोंडीत जिताडा वाढवायची रीत उरण-पेण-अलिबागकडे जुनी आहे, आणि लग्नसराईत जिताड्याला काय मान असतो ते आगऱ्याला सांगायला नको. केरळात पोक्कळी शेतीत पावसाळ्यात भात आणि नोव्हेंबरपासून कोलंबी असं एकाच शेतात आलटून पालटून घेतात, त्या तांदळाला भौगोलिक मानांकनही आहे. तिथल्याच कुट्टनाडच्या समुद्रसपाटीखालच्या शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ मध्ये जागतिक कृषी वारसा म्हणून मान दिला. गोव्याच्या खाजनात आपल्या उघाडीलाच मानस म्हणतात. आपल्याकडे तीच माती आहे, तीच भरती आहे, माणसंही आहेत. आपण फक्त त्या जमिनीला वारसा म्हणायच्या ऐवजी मोकळा भूखंड म्हणायला लागलो.

प्रत्येक एकर राखा असं मी म्हणत नाही. काही खार आता चहूबाजूंनी कोंडली गेली आहे, तिचा खाडीशी संबंधच तुटलाय, तिथे शेतीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ज्याला विकायची त्यानं विकावी, तो त्याचा हक्क आहे, आणि आमच्या लोकांनी हक्कासाठी रक्त सांडलेलं आहे. पण उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं धरून नव्या शहराची आखणी चालू आहे. त्या आखणीत एखाद्या खारीला पडीक म्हणण्याआधी काही प्रश्न विचारणं बंधनकारक असावं. हिचा बांध कधी फुटला? तो कुणी बांधायचा होता? उघाडी चालते का? बांध दुरुस्त केला तर तीन पावसाळ्यांनी इथे काय पिकेल? उत्तरं लिहून ठेवा, गावात वाचून दाखवा, मग ठरवा. आणि जी खार राहील तिला नकाशात पाणी धरणारी शेती म्हणून जागा द्या, त्या पाण्याचा मोबदला दरवर्षी एकरामागे शेतकऱ्याला द्या. धारण तलाव बांधण्याच्या आणि उपसण्याच्या खर्चापुढे तो स्वस्तच पडेल.

बांधासाठी मागणी याहून साधी आहे. प्रत्येक बंदिस्तीवर गावातलाच एक बांधराखा नेमावा, पावसाळा धरून सहा महिन्यांसाठी पगारी. रोज बांध चालायचा, उघाडी साफ करायची, बीळ बुजवायचं. खांड पडली तर पुढच्या उधाणाआधी ती बांधायला लागणारा पैसा तालुक्याच्या पातळीवर हाताशी असावा, त्याला वरची मंजुरी लागू नये. खाजगी आणि शासकीय हा भेद दुरुस्तीपुरता तरी संपवावा, समुद्राला तो कळत नाही. पंचनाम्याच्या कागदावर उधाणाचा रकाना असावा. जिथे बांधाआत तिवरं मोठी झाली आहेत तिथे ती राहू द्यावीत, पण त्या शेतकऱ्याला जंगल राखणारा म्हणून पैसे मिळावेत. आणि नवीन रस्त्याची मोरी टाकण्याआधी तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारावं की पाणी कुठून येतं आणि कुठे जातं.

त्या ज्येष्ठातल्या सकाळी पिशव्यांचा बोळा काढल्यावर मामांनी फळी दोनदा हातानं ढकलून पाहिली. ती चौकटीवर नीट बसली. मग त्यांनी खिशातून सुतळी काढली, घरून आणलेला जुन्या मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा मोरीच्या तोंडाशी चार खुंट्या ठोकून बांधला, म्हणजे पुढचा कचरा तिथेच अडेल. बुडालेला रहू गेला होता. घरात पनवेल-३ चं सहा किलो बी शिल्लक होतं, ते मामींनी त्याच संध्याकाळी भिजत घातलं. दोन दिवस मुसळधार पडला, खाचर दोनदा धुवून निघालं, आणि मोड आलेलं बी तिसऱ्या दिवशी चिखलात पडलं. आश्विनात मी गेलो तेव्हा त्या तुकड्यात लोंब्या आल्या होत्या. बांधाच्या पलीकडे, साठ एकरांवर, भरतीचं पाणी चकाकत होतं आणि चाळीस हातांची खांड तशीच उघडी होती.